शिकवणारा स्वतः कसा शिकला?

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. गेवराई तालुक्यातील चकलांबा आणि त्या टापूतील वाड्या, वस्त्या, तांडे यांना हे दृश्य नवे नाही. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी (या धंद्यात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो) भांडीकुंडी, शेरडे-कोंबड्या आणि लहान मुले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. परततात ती कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, गुढीपाडव्याच्या आगेमागे. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलअखेर संपते. साहजिकच, फडावर गेलेल्या मुलाच्या पाठ्यपुस्तकाची निम्मी पाने दर साली न उघडताच राहतात.

या मुलांना शाळेत टिकवण्यासाठी गेल्या काही दशकांत प्रयत्न झाले नाहीत असे नाही. आजीआजोबांजवळ मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. कारखान्याच्या परिसरात साखरशाळा भरल्या. मूल जेथे जाईल तेथील शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आले. या योजनांची अंमलबजावणी कशी झाली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु त्या सर्वांनी एक गोष्ट गृहीत धरली, ती अशी की मूल वर्गात आणून बसवले म्हणजे शिक्षण त्याच्यापर्यंत पोचले. वस्तुतः खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. वर्गात बसलेल्या मुलापर्यंत पोचण्याची जी एक वाट शिक्षकाला ठाऊक आहे, ती त्या मुलाच्या दारावरून जाते काय?

फडावरून आलेल्या मुलाविषयी शाळेत नेहमी ऐकू येणारी वाक्ये ठरलेली आहेत: ‘त्याचे अभ्यासात लक्ष नाही’, ‘त्याला भागाकार येत नाही’, ‘घरी शिक्षणाचे वातावरण नाही’. आता हे मूल काय जाणते ते पाहावे. मोळी किती जाडीची बांधावी, वाढ्यांच्या पेंढ्या कशा मोजाव्यात, काट्यावर गाडीचे वजन घटले तर कोणाचे नुकसान होते, खाडा पडला तर किती कापले जाते, हे सारे ते कोपीत बसून ऐकत असते. समजा, एका कोयत्याने 60,000 रुपये उचल घेतली, तोडणीचा दर टनाला 300 रुपये धरला आणि दिवसाला दोन टन ऊस तुटला, तर उचल फिटायला किती दिवस लागतील? शंभर दिवस. आणि दर आठवड्याला एक खाडा झाला तर? हा त्रैराशिकाचा, भागाकाराचा आणि कर्जाच्या अर्थशास्त्राचाही धडा आहे. तो त्या मुलाचा बाप रात्री चुलीपुढे तोंडी सोडवीत असतो. तोच भागाकार फळ्यावर ‘घर पाडून’ मांडला की मुलाला परका वाटतो, आणि मुलाने तोंडी सांगितलेले उत्तर शिक्षकाला परके वाटते. मुलाच्या प्रगतिपुस्तकात मात्र या परकेपणाची नोंद एकट्या त्याच्या नावावर होते.

शिक्षकाला ते उत्तर परके का वाटते, याचा विचार शिक्षणखात्याच्या परिपत्रकांत सहसा आढळत नाही. शिक्षक होतो कोण? जो शाळेत यशस्वी झाला तो. दहावी, बारावी, अध्यापक पदविका, 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा, त्यानंतर अभियोग्यता चाचणी, अशी ही चाळण्यांची रांग आहे. प्रत्येक चाळणीतून पुढे सरकतो तो एकाच प्रकारचा विद्यार्थी: एके जागी बसून वाचणारा, वाचलेले लिहून काढणारा, लिहिलेले पाठ करून ठराविक वेळात उतरवणारा. ही रीत निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती अनेक रीतींपैकी एक आहे, याचा विसर तिने तारून नेलेल्या माणसाला जितक्या सहज पडतो, तितका इतर कोणाला पडत नाही. ज्याला एका पुलावरून नदी ओलांडता आली, त्याला उताराची इतर ठिकाणे शोधण्याची गरजच भासत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 साली शिक्षकी पेशाविषयीच्या आपल्या ग्रंथात या गोष्टीवर नेमके बोट ठेवले. विद्यार्थी शालेय शिक्षण संपवतो तोवर त्याचे सुमारे 13,000 तास शिक्षकांच्या सहवासात गेलेले असतात, असा त्यांनी हिशेब मांडला. सुताराचा उमेदवार उस्तादाचे हात पाहत वाढतो, तसा प्रत्येक भावी शिक्षक बाकावर बसून या धंद्याची उमेदवारी करीत असतो. फरक इतकाच की बाकावरून शिक्षकाची कृती दिसते, कृतीमागचा विचार दिसत नाही. मग प्रशिक्षण विद्यालयातील दोन वर्षे या तासांपुढे तोकडी पडतात, आणि माणूस वर्गात उभा राहिला की पाठ्यक्रमात शिकवलेल्या पद्धती बाजूला पडून त्याला ज्या रीतीने शिकवले गेले तीच रीत हाताशी येते. घोकून शिकलेला घोकून घेतो, उतारे उतरवून शिकलेला उतारे देतो, आणि ज्याला भीतीपोटी पाढे आले, त्याला भीतीवाचून पाढे येऊ शकतात हे मनापासून पटत नाही. यात दुष्टपणा कोठेच नाही. म्हणूनच हा दोष सापडण्यास कठीण जातो.

येथे एक आक्षेप येईल. बीड जिल्ह्यातील शिक्षक काही आकाशातून पडलेले नाहीत. त्यांतील कित्येक शेतकऱ्यांची, ऊसतोड कामगारांचीच मुले आहेत, मग त्यांना या मुलांची रीत कळणार नाही काय? आक्षेप रास्त आहे, पण त्यातूनच प्रश्नाची खोली दिसते. ज्याने त्या घरातून निघून नोकरीपर्यंत मजल मारली, त्याने वाटेत आपली जुनी शिकण्याची रीत मागे टाकलेली असते. औत धरायला तो व्याख्यानाने शिकला नव्हता. बाजारात मोड मोजायला त्याला कोणी पाठ्यपुस्तक दिले नव्हते. कीर्तनातील आख्याने त्याच्या कानांवाटे आत गेली, आणि पोहायला तो विहिरीत पडून शिकला. परंतु ‘शिक्षण’ या शब्दाखाली त्याने फक्त शाळेतील शिकणे जमा केले. बाकीचे सारे त्याच्या लेखी नुसते जगणे होते. स्वतःच्या आयुष्यातील हे अर्धे शिकणे आठवले तर समोरच्या मुलाचे शिकणे ओळखता येईल. ते न आठवल्यास, त्याच मातीतून आलेला शिक्षकही त्या मुलाला परक्याइतकाच दूर राहतो.

शिकण्याच्या शैलींविषयी जगभर बराच गाजावाजा झाला आहे, आणि तो डोळसपणे तपासला पाहिजे. 1992 साली न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी आपल्या सहकारी अभ्यासिकेसह पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि हाताळून शिकणारे असे चार प्रकार मांडणारी प्रश्नावली पुढे आणली. अशा मांडण्यांचे पेव फुटले. 2004 साली ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजदाद केली तेव्हा 71 निरनिराळ्या मांडण्या सापडल्या. आणि 2008 साली पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर व ब्योर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध पुराव्याची छाननी करून असा निष्कर्ष काढला की, मुलाचा ‘प्रकार’ ठरवून त्याच प्रकाराने शिकवले तर ते अधिक शिकते, या समजाला पुरेसा आधार नाही. ही गोष्ट प्रशिक्षणवर्गांतून स्पष्ट सांगितली गेली पाहिजे.

भारतासारख्या देशात तर अशा शिक्क्यांपासून दुप्पट सावध राहावयास हवे. ‘हे मूल हाताने शिकणारे, याला पुस्तक कशाला?’ हे वाक्य ऐकायला शास्त्रीय वाटते, पण ते कोणाच्या मुलाबद्दल उच्चारले जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. 1953 साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळा अर्धवेळ करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. तिचे समर्थन शाळांच्या व शिक्षकांच्या टंचाईचे कारण देऊन केले गेले. पण जातीचा धंदा पुढच्या पिढीच्या गळ्यात बांधणारी योजना म्हणून तिला प्रखर विरोध झाला आणि 1954 मध्ये कामराज यांच्या सरकारने ती मागे घेतली. कोयत्याच्या मुलाला कोयताच समजतो, असे मानणारी शिक्षणपद्धती कितीही नव्या नावाने आली तरी ती त्याच जुन्या वाटेने जाणार. मुलाच्या अनुभवापासून आरंभ करावयाचा तो त्याला भूमिती, इतिहास आणि कवितेपर्यंत नेण्यासाठी.

तेव्हा शैलीचा शिक्का मुलाच्या कपाळावर मारणे चूक आहे. शिक्षकाने स्वतःच्या शैलीची झडती घेणे मात्र अत्यावश्यक आहे. या दोन गोष्टींत गल्लत होता कामा नये. शिक्षकाने स्वतःला विचारावयाचे प्रश्न अगदी साधे आहेत. मला कोणती गोष्ट चटकन कळली आणि कशामुळे? कोणता विषय मला कधीच आवडला नाही, आणि तो मी आज कसा उरकतो? वर्गातील कोणत्या मुलाचे उत्तर मला आपोआप ‘हुशारीचे’ वाटते? ते मूल माझ्यासारखे बोलते म्हणून तर तसे वाटत नसेल? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की एकच भागाकार तोंडी हिशेबाने, चिंचोक्यांच्या वाटणीने, गोष्टीतून आणि फळ्यावरील मांडणीने असा चार वाटांनी सांगण्याची निकड त्याला स्वतःलाच वाटू लागेल. या चारही वाटा साऱ्या वर्गासाठी खुल्या असाव्यात. त्यामुळे मुलांची विभागणी होत नाही, आणि एका वाटेवर अडखळलेल्या मुलाला दुसरी सापडते.

महाराष्ट्राला हा विचार बाहेरून आणण्याची गरज नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गांतून घ्यावेत, त्यांना चांगले प्रशिक्षण व वेतन द्यावे, आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची ज्याला लाज वाटत नाही व जो खालच्या थरांतील लोकांत सहज मिसळतो, असा शिक्षक असावा, अशी मागणी केली. फुल्यांची ही अपेक्षा केवळ सामाजिक समतेची म्हणून वाचली जाते. तीत अध्यापनशास्त्रही आहे. ज्याच्या हातांना श्रमाचे शिकणे ठाऊक आहे, त्यालाच श्रमणाऱ्या घरातील मुलाचे शिकणे ओळखता येते, हे त्यांनी जाणले होते.

याच जाणिवेचा प्रत्यक्ष प्रयोग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केला. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केलेल्या, उच्चशिक्षित, माँटेसरी पद्धतीत मुरलेल्या. 1926 साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या. 1945 साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू झाले तेव्हा त्यांना दिसले की गरिबांची मुले बालवाडीकडे येत नाहीत. मुलांना दोष देणे सोपे होते. त्याऐवजी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली, आणि आज देशभर रूढ असलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हा इतिहास आहे. 1957 मध्ये हे काम आज पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. महागड्या साधनांची जागा बिया, शिंपले, खडे, पाने यांनी घेतली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, आधी बदलल्या त्या शिकवणाऱ्या. ज्या पद्धतीवर त्यांचे नाव झाले होते ती त्यांनी मुलांपुढे तपासून पाहिली, आणि जेथे ती अपुरी पडली तेथे स्वतः पुन्हा विद्यार्थी झाल्या.

भाषेच्या बाबतीत तर मराठवाड्यातील शिक्षकाला दूरचे उदाहरण शोधावयास नको. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही तेच माध्यम स्वीकारले. उर्दू ही थोर भाषा आहे. पण घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला गणित आणि इतिहास परभाषेतून गिळावे लागले, तेव्हा कितीतरी बुद्धिमान मुले ‘ढ’ ठरली. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थांनी ज्या शाळांत काम केले, त्या शाळांमागे ही वेदनाही होती. ज्या प्रदेशाने ही जखम सोसली, त्या प्रदेशात आज तांड्यावरून आलेल्या, घरी गोरबोली बोलणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीत उत्तर दे म्हणून दटावले जावे, यासारखी विसंगती नाही. ‘मी करायलोय’ असे म्हणणाऱ्या मुलाचे वाक्य शिक्षक भर वर्गात दुरुस्त करतो, आणि मधल्या सुट्टीत स्वतः तेच बोलतो. मातृभाषेतून शिक्षण शक्य तेथवर द्यावे, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या कलमाचा पहिला अर्थ असा घ्यावयास हवा की, मुलाची बोली ही वर्गात येण्यास लायक आहे, आणि प्रमाण भाषेकडे जाणारी वाट तिच्यातूनच निघते.

इतके सारे शिक्षकाच्या शिरावर लादून शासनाने मोकळे व्हावे, असे मात्र कदापि होता कामा नये. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या, ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या, सर्वेक्षणे करायची, आणि उरलेल्या वेळात आत्मपरीक्षण करायचे, ही थट्टा झाली. जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे त्याच कायद्याचे 27 वे कलम आहे. ते कसोशीने पाळले जावे यासाठी शिक्षक संघटनांनी बदल्यांच्या प्रश्नाइतक्याच त्वेषाने लढले पाहिजे. ज्याला विचार करायला उसंत नाही तो जुन्याच रीतीने शिकवणार, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही नियमाइतके निश्चित आहे.

तसेच, नवी पद्धत परिपत्रकाने लादून चालत नाही. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने शिक्षकांनी ज्ञानरचनावादी अध्यापनाचा प्रयोग उभा केला. 2015 नंतर राज्यभरातून शिक्षक तो पाहावयास गेले. त्यांतील ज्यांनी तेथील शिक्षकांचा विचार समजून घेतला, त्यांच्या शाळा बदलल्या. जेथे केवळ फरशीवर आकडे आणि मुळाक्षरे रंगवण्याचे काम झाले, तेथे रंग तेवढा आला, आणि त्या रंगीत फरशीवर घोकंपट्टी पूर्ववत बसली.

मग करावे काय? साधने नवी लागत नाहीत. केंद्रशाळेत शिक्षण परिषदा भरतातच. त्यांतील परिपत्रकवाचनाचा वेळ कमी करून त्या वेळात शिक्षकांनी स्वतःला न येणारी एखादी गोष्ट शिकावी. ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईकडून मोळी बांधणे, तांड्यावरील आजीकडून गोरबोलीतील वीस वाक्ये, किंवा गोधडी शिवणाऱ्या मावशीकडून धावदोरा. आणि शिकताना काय होते ते टिपून ठेवावे. आपण कोठे अडलो, कोणी हसले तेव्हा काय वाटले, पुन्हा दाखवा म्हणायला जीभ का रेटेना, शेवटी कशाने जमले. एका दुपारच्या या अनुभवातून शिक्षकाला स्वतःच्या शिकण्याविषयी जे कळेल, ते प्रशिक्षणाच्या जाडजूड पुस्तिकेतून कळणार नाही. शिवाय ज्या आईबापांना शाळेच्या पायरीवर आजवर केवळ तक्रार ऐकण्यासाठी बोलावले गेले, त्यांना तेथे प्रथमच शिकवणाऱ्याचा मान मिळेल. ऊसच पिकवणाऱ्या ईशान्य ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी यांनी 1960 नंतरच्या काळात प्रौढ साक्षरतेचे काम आरंभले, ते कष्टकऱ्यांच्या तोंडचे शब्द घेऊनच. शिकवणारा आणि शिकणारा ही दोन्ही नाती एकाच माणसात असावी लागतात, असा त्यांचा आग्रह होता.

हा केवळ अध्यापनकौशल्याचा प्रश्न नाही. जे मूल पाचवी-सहावीत ‘याला येत नाही’ म्हणून शाळेबाहेर पडते, ते चार-पाच वर्षांत मुकादमाच्या वहीत नवा कोयता म्हणून लागते. साखरेचे सारे अर्थकारण अशा स्वस्त, उचलीने बांधलेल्या मजुरीवर उभे आहे, आणि त्या मजुरीचा पुरवठा अखंड राहतो यात वर्गातील अपयशाचाही वाटा आहे. शाळेने एका मुलापर्यंत पोचण्याची वाट शोधली नाही, तर तिची किंमत शाळेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. ती त्या मुलाच्या पाठीवर आयुष्यभर दिसते.

पट्टा पडला की चकलांब्याच्या टापूत ट्रॉल्या पुन्हा येऊ लागतात. काळवंडलेली, उंचीने बोटभर वाढलेली मुले वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहतात. ‘इतके दिवस कुठे होतास?’ हा प्रश्न त्यांना दर वर्षी विचारला जातो, आणि त्यांची मान खाली जाते. यंदा शिक्षकाने ‘काय काय शिकून आलास?’ असे विचारून पाहावे, आणि उत्तर ऐकायला मुलाशेजारी बसावे.